चांदीचे बक्कल



दागिन्यांविषयी बोलणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्या बोलण्यात सोन्याने चांदीला व गळ्याने कमरेला नेहमीच मागे सारलेले असते. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती तर चांदीच्या पंक्तीतही अगदी शेवटच्या पाटावर बसणारी आहे. तिला स्वतंत्र दागिना म्हणावे की नाही, हाच मुळी वादाचा प्रश्न. चांदीच्या कंबरपट्ट्याची दोन टोके ज्या ठिकाणी एकमेकांस भेटतात, तेथली ती अडकवण. आमच्या बीड जिल्ह्यातील खेड्यांत तिला कोणी फासा म्हणतो, कोणी पेटी म्हणतो. पण बहुतेक माणसे सरळ बक्कल म्हणून मोकळी होतात, आणि मीही आज तोच शब्द वापरणार आहे.

शब्द उघडच इंग्रजीतून आलेला. तो इंग्रजीत लॅटिनमधून आला, आणि लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘लहानसा गाल’ असा होता. शिरस्त्राण जागचे हलू नये म्हणून गालावरून जो पट्टा बांधीत, त्याचे ते नाव. रोमन शिपायाच्या गालावरून हा शब्द आमच्या आजीच्या कमरेवर कसा येऊन बसला, याची वाट मात्र फार दूरची नाही. आजचे अंबेजोगाई हे निजामी अमदानीत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई, आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली कंटिंजंट मोडून ती पलटणे हिंदी लष्करात मिळवली गेली. घोडदळातील अंमलदारांच्या खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याला चांदीचे बक्कल व चांदीची टोके असत. छावणीच्या आसपासच्या सोनारांनी ती दुरुस्त केली असतील, पाहिली असतील, आणि त्यांतले जे सोयीचे ते उचलले असेल, असा माझा तर्क आहे. पोलिसाच्या क्रमांकाला आपण अजूनही ‘बक्कल नंबर’ म्हणतो, हेही त्याच घराण्यातले.

परंतु नाव परके म्हणून वस्तू परकी, असे कोणी समजू नये. कंबरेचा अलंकार आमच्याकडे मेखला, कटिसूत्र या नावांनी फार पुरातन काळापासून आहे. बीड शहरातील कंकालेश्वराच्या देवळावर किंवा धर्मापुरीच्या केदारेश्वरावर ज्या सुरसुंदरी कोरल्या आहेत, त्यांच्या कमरेकडे जरा सवडीने पाहावे. वस्त्र दगडात दाखविणे कठीण, म्हणून शिल्पकाराने वस्त्राचे काम मेखलेवर सोपवले आहे. तिच्या झुलणाऱ्या सरांवरूनच बाई उभी आहे की वळते आहे ते कळते. दक्षिणेतील मूर्तींच्या कटिसूत्रात तर मधोमध सिंहाचे मुख घडविण्याची प्रथाच होती. म्हणजे दोन टोके जेथे जुळतात ती जागा झाकावयाची नाही, उलट तिलाच मुख्य शोभेची जागा करावयाची, ही कल्पना आमच्या कारागिरास इंग्रजांच्या पट्ट्याआधीच ठाऊक होती. आणि ती केवळ आमचीच आहे असेही नाही. बल्गेरियाकडील शेतकरी स्त्रिया कमरेला जी मोठी दुपाखी चांदीची बक्कले लावीत, त्यांना तिकडे ‘पाफ्ती’ म्हणतात. त्यांची चित्रे मी पाहिली, तेव्हा बदामी आकाराच्या त्या दोन पाकळ्या पाहून आमच्या कोयरीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

आता चांदीकडे वळू. बक्कल कशाचे करीत, या प्रश्नाला ‘चांदीचे’ एवढेच उत्तर पुरे नाही. कोणत्या चांदीचे, हे पाहिले पाहिजे. निर्भेळ चांदी अतिशय मऊ. तिची साखळी चालेल, वाळा चालेल, पण ज्या वस्तूला दिवसातून दोनदा उघडायचे व लावायचे, तिला थोडे तांबे मिसळलेली चांदीच हवी. ती खेड्यातल्या सोनाराला आयती मिळे. ती म्हणजे इंग्रजी रुपया, आमच्याकडच्या बोलीत कलदार. कल म्हणजे यंत्र; यंत्रावर पाडलेले नाणे ते कलदार. १८३५ सालापासून या रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. नाणे तेच वजन आणि तोच कस. निजामाचा हाली शिक्का त्याहून हलका. विसाव्या शतकात चारमिनारचे चित्र घेऊन आलेला हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅम वजनाचा होता आणि त्यात चांदी हजारी ८१८. शाळेत त्रैराशिक शिकवताना हा हिशेब मी मुलांकडून नेहमी करून घेई. कलदारात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, हालीत ९.१४. एकाला दुसऱ्याने भागले की १.१७ येतात. आणि बाजारात शंभर कलदाराला सुमारे ११६ हाली मोजावे लागत! व्यापाऱ्याच्या बट्ट्यामागे केवढे काटेकोर गणित दडलेले होते ते पाहून मुलांना मौज वाटे. सोनाराला हे गणित पुस्तकाशिवाय ठाऊक होते. म्हणूनच दागिना करावयाचा तर गिऱ्हाईक व्यवहारातले हाली बाजूस ठेवून कनवटीचे कलदार आणून देई, आणि त्यांतही राणीछाप असल्यास सोनार अधिक खूष असे. पुढे १९४० साली इंग्रजी रुपयातील चांदी निम्म्यावर आली, १९४७ साली ती अजिबात जाऊन निकेलचा रुपया आला, आणि चुलीशेजारच्या गाडग्यातून सोनाराच्या मुशीत जाणारी ही वाट बंद झाली. ज्या बक्कलाचे चांदीकाम भरीव व टणक लागते, ते बहुधा या वाटेने आलेले असते.

ते घडत कसे, हे मी लहानपणी आमच्या केज तालुक्यातील गावी सोनाराच्या ओसरीवर बसून पुष्कळ पाहिले आहे. दुकान असे नव्हतेच. मातीची शेगडी, ऐरण, दोन-तीन हातोड्या, सांडशी, चिमटे, कानशी, एक वाकडी फुंकणी, आणि भोकांची एक पोलादी पट्टी, जिला जंतर म्हणतात. एवढ्या सामानात सर्व संसार. रुपये मुशीत घालून कोळशावर ठेवीत. चांदी वितळावयास ९६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती उष्णता मोजण्यास सोनाराजवळ डोळ्यांखेरीज काही साधन नसे. वितळलेल्या चांदीचा पृष्ठभाग आरशासारखा फिरू लागला की ते चिमूटभर सवागी टाकीत आणि तेल लावलेल्या पन्हळीत रस ओतीत. त्याची कांब होई. कांब ठोकून पत्रा करावयाचा. परंतु चांदीचा स्वभाव असा की ठोकता ठोकता ती अडून बसते. आणखी ठोकाल तर तडकते. म्हणून तिला पुन्हा तावावी लागते. मंद लाल रंग आला की पाण्यात विझवायची, म्हणजे ती पुन्हा मऊ येते. पोलादाला तापवून पाण्यात बुडवले तर ते कठीण होते आणि चांदी मात्र नरम पडते, ही गोष्ट शास्त्राच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी मी त्या ओसरीवर शिकलो.

बक्कलाच्या दर्शनी पत्र्यावर नक्षी उठवावयाची तर तो पत्रा राळेवर बसवीत. राळ, विटेची वस्त्रगाळ पूड आणि थोडे तेल यांचा तो गोळा. गरम असता लोण्यासारखा, निवला की घट्ट, पण दगडासारखा आडमुठा नव्हे. पत्र्याच्या मागील अंगाने बोथट कलमांनी ठोकून मोर, कमळ किंवा कोयरी वर उचलायची, मग पत्रा उलटून पुढील अंगाने बारीक कलमांनी तिच्या शिरा आणि पिसे रेखायची. राळ प्रत्येक घावाला थोडी वाट देते आणि थोडी अडवते. त्या दोहोंच्या मधल्या जागेत नक्षी जन्माला येते. मोराच्या मानेवर एक घाव अधिक बसला तर मान फुटते, आणि फुटलेली मान जोडून दिल्याची खूण मागील बाजूस कायमची राहते. काठाला पिळाची तार असे. जंतराच्या भोकांतून तार ओढीत ओढीत सुतळीहून बारीक करायची, दोन तारा एकत्र पिळायच्या, आणि उजवा पीळ व डावा पीळ शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे गव्हाच्या ओंबीसारखी किनार दिसते. मग रवा. चांदीचे बारीक कण कोळशाच्या भुकटीत तापविले की ते आपोआप गोल होतात. ते एकेक उचलून फुलाच्या मध्यभागी बसवायचे.

या साऱ्या तुकड्यांस एकत्र धरणारी वस्तू म्हणजे डाक. मूळ चांदीपेक्षा कमी उष्णतेला वितळणारी ती हिणकस मिश्र चांदी. तिचे बारीक तुकडे सवागीच्या पाण्यात भिजवून सांध्यावर ठेवायचे आणि फुंकणीने ज्योत वळवून नेमकी तेथे धरायची. डाक क्षणार्धात पाण्यासारखी धावते आणि सांधा भरते. त्याच क्षणी फुंक थांबली पाहिजे. एक श्वास जास्त झाला तर रवेच विरघळून सपाट होतात आणि चार दिवसांचे काम चार पळांत जाते. आमच्या गावच्या सोनारकाकांना दम्याचा विकार होता. डाक लावावयाच्या दिवशी ते सकाळपासून कोणाशी बोलत नसत. श्वास राखून ठेवीत, असे त्यांची पत्नी सांगे.

शेवटी उजळा. चिंचेच्या किंवा तुरटीच्या पाण्यात दागिना उकळायचा, रिठ्याच्या फेसाने घासायचा. यात केवळ मळ जातो असे नव्हे. तापवताना वर आलेले तांबे त्या आंबट पाण्यात निघून जाते आणि पृष्ठभागावर जवळजवळ शुद्ध चांदीचा पातळ थर शिल्लक राहतो. जुन्या चांदीचा तो दुधी पांढरेपणा, जो आजच्या चकचकीत चांदीला नाही, तो येथून येतो.

आता खुद्द अडकवणीकडे येऊ. माझ्या मते खरी कारागिरी तेथेच आहे, नक्षीत नव्हे. साधी बक्कले आकडा आणि कडी यांची. त्यापेक्षा वरची खिळीची. दोन्ही टोकांना बिजागरीसारख्या नळ्या, त्या एकमेकींत बसल्या की वरून खीळ सोडायची, आणि खीळ हरवू नये म्हणून ती बारीक साखळीने बांधलेली. तिसरी मळसूत्राची. हाताने मळसूत्र पाडण्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे. दोन सारख्या तारा जोडीने एका खिळीभोवती गुंडाळायच्या. मग त्यांतील एक उलगडून काढून नळीच्या आत बसवायची व दुसरी खिळीवर ठेवून डाक लावायची. एकीने सोडलेली जागा ती दुसरीची वाट. त्यामुळे हातचे मळसूत्र आपल्याच नळीत फिरते, शेजारणीच्या कंबरपट्ट्याच्या नळीत फिरत नाही. चौथे चापाचे. यात चांदीचीच एक दुमडलेली पट्टी जीभ म्हणून डबीत शिरते आणि आत गेल्यावर उसळून अडकते. ही उसळी कोठून येते? चांदी पोलाद नव्हे. ती उसळी केवळ थंड ठोकणीने येते; ठोकल्याने चांदी अडून बसते असे मघाशी सांगितले, तोच तिचा दोष येथे गुण होतो. पण या जिभेला पुन्हा ज्योत लागली की ती पुन्हा मऊ पडून निकामी होते. म्हणून कसबी सोनार बाकीचे सर्व डाककाम आधी उरकतो, जीभ सर्वांत शेवटी बसवतो, आणि तीही डाकेने नव्हे, बारीक रिव्हेटीने. एखादे जुने बक्कल हाती आले तर पुढची नक्षी पाहण्यापूर्वी मी ते उलटे करतो. मागची कड गोलावलेली आहे का, पोटाला लागेल अशी टोके घासून टाकली आहेत का, पत्र्याला कमरेचा किंचित बाक आहे का, हे पाहतो. वाकून खुरपणाऱ्या बाईच्या पोटाला टोचले आणि लुगड्याचे धागे ओढले, तर पुढच्या मोराचे कोणी कौतुक करणार नाही.

माझ्या घरी असे एक बक्कल आहे, म्हणून हा विषय मला सुचला. पणजोबांनी कापसाच्या पैशातून एक्कावन्न कलदार बाजूस काढून आजीसाठी कंबरपट्टा करविला होता. साखळी बेचाळीस तोळ्यांच्या आत, बक्कल नऊ तोळ्यांचे. उरलेले वितळण-कानशीत गेले. १९७२ साली दुष्काळ पडला. मी तेव्हा बारा वर्षांचा. मराठवाड्यात त्या वर्षी काय झाले ते सांगण्याची गरज नाही; दगडफोडीच्या कामावर घरचे सर्व जण जात, आणि अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खात. बैलजोडी जगवायची की कंबरपट्टा ठेवायचा, असा प्रश्न घरात आला, आणि शेतकऱ्याच्या घरी त्याचे उत्तर एकच असते. वडील कंबरपट्टा घेऊन त्याच सोनारकाकांकडे गेले. मी बरोबर होतो. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग खीळ काढली, बक्कल सोडविले, साखळी तराजूत टाकली आणि तेवढ्याच वजनाचे पैसे मोजले. वडील म्हणाले, “काका, हेही घ्या. मला चारा आणायचा आहे.” सोनारकाका म्हणाले, “साखळी कोणीही ओढील, दादा. परत पैका आला की परत करू. हे माझ्याच्याने आता व्हायचे नाही. दमाच उरला नाही.” आणि त्यांनी नऊ तोळ्यांच्या भावाचे पैसे उसने म्हणून वडिलांच्या हाती ठेवले. त्यांच्या स्वतःच्या घरात त्या वर्षी काय शिजत होते हे आम्हांस ठाऊक होते. ते पैसे वडिलांनी दोन सुगींनंतर फेडले. साखळी मात्र पुन्हा झाली नाही.

कंबरपट्ट्याखेरीजही ही अडकवण पुष्कळ ठिकाणी भेटते. मुलांच्या करदोड्यास, कमरेला खोचायच्या किल्ल्यांच्या छल्ल्यास, म्हाताऱ्यांच्या चुन्याच्या डबीच्या साखळीस ती असे. तांड्यांवरील बंजारा स्त्रियांची घुगरी, टोपली, हासली ही चांदी तर एक निराळेच दालन आहे, आणि त्याविषयी बोलण्याचा अधिकार त्या समाजातील जाणत्या बायांचा आहे, माझा नाही. शेजारच्या बीदरचे कामही वेगळे. तेथे जस्त-तांब्याच्या ओतीव धातूत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि किल्ल्यातील जुन्या मातीच्या पाण्याने जमीन काळी करतात. त्या बिदरी कामाची बटणे आणि बक्कलेही होतात. बीड आणि बीदर या नावांचा घोळ करून बिदरी वस्तू ‘बीडची’ म्हणून दाखविणारे लोक मला भेटले आहेत. आमच्या जिल्ह्याने तो मान घेऊ नये.

हे काम थांबले कशाने? नऊवारी लुगडे गेले हे एक कारण झाले. पाचवारीवर चाळीस तोळ्यांचा कंबरपट्टा शोभत नाही आणि बसतही नाही. दुसरे कारण, १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटची अट पडली. नियम सोन्याचे, पण खेड्यातील सोनार सोने व चांदी दोन्हींवर जगणारा. सोन्याचे काम बसले तेव्हा पुष्कळांनी ऐरण उचलून ठेवली. १९९० साली कायदा रद्द झाला तोवर त्यांची मुले शाळामास्तर, कंडक्टर, कारकून झाली होती. तिसरे कारण यंत्राचे. आज आमच्या बाजारातील पैंजण-साखळ्या पुष्कळशा कोल्हापूरकडील हुपरीहून किंवा आग्रा, राजकोट, सेलम येथून येतात. हुपरीच्या लोकांनी घराघरांत चांदीचा धंदा उभा केला, याबद्दल मला आदर आहे. पण ठशाने पाडलेले बक्कल आणि राळेवर उठवलेले बक्कल यांची किंमत जर एकाच तराजूत, केवळ वजनावर ठरणार असेल, तर हाताने काम कोण करील? घडणावळ वजनावर मोजली जाते, श्वासावर नाही.

आणि आता भावाचा प्रश्न. २०२५ साली चांदीचा भाव किलोला एक लाख रुपयांच्या वर गेला आणि त्या वर्षी पुढेही चढत राहिला. ज्या घरांत ट्रंकेच्या तळाशी आजीची चांदी पडून होती, त्या घरांत ती वर आली. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. उचल फिटली नाही, दवाखाना निघाला, तर पहिली जाते ती चांदी. त्यांना मी ‘कला जपा’ असे सांगणार नाही. ते निर्लज्जपणाचे होईल. माझे बोलणे शहरातील त्या घरांशी आहे, ज्यांना विकण्याची निकड नाही आणि केवळ ‘जुने आहे, काळे पडले आहे’ म्हणून जी बक्कले मोडीत घातली जातात. मोडीचा भाव देणारा मनुष्य खोटे बोलत नाही. तो फक्त चांदीचे पैसे देतो, कामाचे देत नाही, आणि काम त्याच दिवशी मुशीत जाते.

तेव्हा आपल्या घरातील वस्तू ओळखावी कशी, हे थोडक्यात सांगतो. प्रथम ती चांदी आहे का? जर्मन सिल्व्हर म्हणून जे मिळते, त्यात तांबे, जस्त, निकेल असते. चांदीचा कणही नसतो. याची परीक्षा स्वयंपाकघरातील काट्यावर होते. बक्कल तोलावे. मग काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा, आणि बक्कल दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला लागणार नाही असे धरावे. काटा जो आकडा दाखवील, त्याने मूळ वजनास भागावे. माझे बक्कल १०४ ग्रॅमचे; पाण्यात धरले की काटा दहाच्या किंचित वर जातो, म्हणजे भागाकार सव्वादहाच्या आसपास. शुद्ध चांदीचा साडेदहा येतो. तेच पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे असते तर काटा बाराच्या आसपास गेला असता. आतून लाखेने भरलेल्या पोकळ दागिन्याला मात्र ही परीक्षा लागू पडत नाही. जुन्या खेडवळ कामावर हॉलमार्क नसतो, म्हणून ते खोटे ठरत नाही.

मग हातचे काम की ठशाचे? भिंगाने पाहावे. डावी-उजवी पाकळी तंतोतंत सारखी असेल तर ठसा. हातच्या कामात मोरांच्या जोडीतील एक मोर नेहमी थोडा अधिक आढ्यतेने पाहतो. मागे उठावाच्या खळग्या, सांध्यांशी डाकेची फिकट पिवळसर रेघ, पिळाच्या तारेचे टोक जेथे मिळाले तेथील लहानशी घाई. खीळ जेथे फिरते तेथे झीज एका बाजूला अधिक असते, कारण लावणारीचा हात एकच.

काळेपणाविषयी. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संसर्गाने. अंडे, कांदा, लोकर आणि रबर यांच्या सहवासात ती लवकर काळवंडते. म्हणून बक्कलास रबरी दोरी कधीही गुंडाळू नये. अ‍ॅल्युमिनियमचा कागद व सोडा घालून गरम पाण्यात बुडविण्याचा उपाय घरोघर चालतो. रसायनदृष्ट्या तो बरोबर आहे. पण त्याने खोलगट जागांतील काळी रेषही जाते, आणि त्या रेषेवाचून नक्षी आंधळी दिसते. रिठ्याचे कोमट पाणी, मऊ कुंचला आणि स्वच्छ सुती कापड एवढे पुरे.

दुरुस्तीच्या बाबतीत अधिक जपावे. माझ्या एका स्नेह्यांनी मोठ्या शहरातील एका पेढीत असेच बक्कल जोडून घेतले. तेथील कारागिराने शिसे-कथिलाचा रेडिओदुरुस्तीचा डाक लावला. सहा महिन्यांत सांधा सुटला. पुढे जाणत्या सोनाराने तो खऱ्या डाकेने जोडावयास घेतला, तेव्हा उरलेले शिसे तापून चांदीत उतरले आणि पत्र्याला भोके पडली. म्हणून दुरुस्तीस देतानाच स्पष्ट सांगावे की डाक चांदीची हवी, आणि चापाचे बक्कल असेल तर जिभेला ज्योत लागता कामा नये. हे ऐकून जो सोनार तुमच्याकडे मान वर करून पाहील, त्याच्याकडे वस्तू निर्धास्त ठेवावी. असे जुने हात तालुक्याच्या गावांतील सराफ ओळींत अद्याप एखाद-दुसरे सापडतात; मला अंबेजोगाईत सापडले.

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, आणि ती सरकारी परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. सामानात घालण्यापूर्वी चौकशी करावी.

आणखी एक काम आहे, त्याला खर्च नाही. घरातील सर्वांत वयस्क बाईला विचारून एका कागदावर लिहून ठेवावे: वस्तू कोणाची, कोणत्या लग्नात आली, कोणत्या गावच्या सोनाराने केली, वजन किती, अडकवण कोणत्या प्रकारची, आणि कधी कोणाकडे गहाण पडून सुटली असेल तर तेही. नाव आठवत नसेल तर ओसरी कोणत्या आळीत होती एवढे तरी लिहावे. बक्कलाची पुढची आणि मागची, दोन्ही अंगांची छायाचित्रे काढून त्या कागदास जोडावीत. लोक पुढचेच काढतात. कागद वर्तमानपत्राचा नसावा, आणि तो बक्कलाबरोबर त्याच सुती पिशवीत ठेवावा.